मैदानावरच्या पुतळ्याला हरकत घेतली त्याची गोष्ट

नोटीस पेपरात आली तो दिवस मला पक्का आठवतोय कारण त्या दिवशी आमच्याकडे पाणी यायचा वार होता. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको, चार-पाच दिवसांनी एकदा पाणी, ते कधी पहाटे तीनला येतं कधी रात्री अकराला, आणि आलं की घरातले सगळे हातातली कामं टाकून मोटर, पाईप, बॅरल, हंडे यांच्या मागे. मी गच्चीवर टाकी भरतीय का बघत होते आणि मामा म्हणजे माझे सासरे खाली कट्ट्यावर पेपर घेऊन बसले होते, त्यांनी तिथूनच हाक मारली, "अगं खाली ये की, आपल्या मैदानाचं छापून आलंय."

आतल्या पानावर कोपऱ्यात, बारीक अक्षरात महापालिकेची जाहीर सूचना होती. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम ३७, विकास आराखड्यात खेळाचं मैदान म्हणून आरक्षित असलेल्या जागेपैकी काही भागाचं आरक्षण बदलून तो स्मारक व पुतळा यासाठी ठेवायचा आहे, कोणाची हरकत किंवा सूचना असेल तर एक महिन्याच्या आत लेखी द्यावी. बस, एवढंच. पण आमच्या चौकात त्याच्या दोन महिने आधीपासून मोठा फ्लेक्स लागलेला होता, दीडशे फुटी भव्य पुतळा, शहराची नवी ओळख, खाली शुभेच्छुकांचे फोटो. फ्लेक्स आधी आणि नोटीस नंतर, हे मला तिथंच खटकलं.

पुतळा कोणाचा ते मी मुद्दाम लिहीत नाहीये. ज्यांचा आहे त्यांचा फोटो आमच्या हॉलमध्ये देवघराच्या शेजारी आहे, मामा रोज सकाळी त्याला फूल वाहतात, माझ्या मुलांनी शाळेत त्यांच्यावर भाषणं केलीत. नाव लिहिलं की वाचणारा लगेच ठरवणार ही बाई कोणत्या बाजूची, कोणत्या समाजाची, आणि पुढचं वाचणारच नाही. माझा प्रश्न दुसऱ्या कोणाचाही पुतळा असता तरी हाच राहिला असता.

मी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते. त्यामुळे असेल कदाचित, पण मला कोणतीही मोठी गोष्ट कळली की पहिला प्रश्न येतो तो बिल कोणाच्या नावावर फाटणार. आणि दुसरा, मैदान गेलं तर पोरं कुठं जाणार. आमच्या भागात प्लॉट पडले, बंगले झाले, अपार्टमेंट झाली, पण मोकळी म्हणावी अशी ही एकच जागा आहे. सकाळी बायका चालायला, संध्याकाळी क्रिकेटच्या तीन-चार मॅचेस एकाच वेळी, एका कोपऱ्यात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरी पळतात, गोळाफेक करतात. हिरवळ वगैरे काही नाही, काळी माती आणि कुसळं, पावसाळ्यात चिखल. पण आहे.

नोटीस आल्यावर पुढचे आठ दिवस मी फक्त ऐकत होते. आणि खरं सांगते, मला असं वाटायचं की या पुतळ्याला सगळे खूश आहेत, कारण फ्लेक्सवर सगळे हसतच असतात, पण जिथं जाईल तिथं लोक हळू आवाजात वेगळंच बोलत होते. चहाच्या गाड्यावर एक रिक्षावाले काका म्हणाले, "आधी रस्ता करा म्हणावं ओ, मग दीडशे फूट करा नाहीतर पाचशे करा." कारखान्यात आमचे एक तेलुगू अन्ना आहेत, पूर्व भागात राहतात, चाळीस वर्षं लूम चालवली त्यांनी, ते म्हणाले, "ताई, उजनी भरलेलं असतंय तरी आमच्या नळाला पाणी नाही, आणि पुतळ्याभोवती कारंजं दाखवलंय बघा चित्रात." ते कारंजं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. घरी येताना फ्लेक्सपाशी गाडी थांबवून बघितलं तर खरंच, पायथ्याशी चारही बाजूंनी निळं निळं पाणी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, उजनी धरण सोलापूरपासून शंभर-एकशे दहा किलोमीटरवर आहे. तिथून पाइपलाइनने पाणी येतं, आणि कितीतरी वर्षं भीमा नदीत धरणातून पाणी सोडायचं, ते वाहत वाहत औजच्या बंधाऱ्यापर्यंत आणायचं आणि तिथून टाकळीवरून उपसून शहराला द्यायचं असं चालत आलंय. एवढा प्रवास करून आलेलं पाणी आम्ही बॅरलमध्ये साठवतो. समांतर जलवाहिनी म्हणजे उजनीवरून दुसरी पाइपलाइन, तिचं नाव मी लग्न होऊन आल्यापासून ऐकतीय, माझी मोठी मुलगी आता कॉलेजला आहे. तर अशा गावात कारंजं हा शब्द बाईच्या डोक्यात कसा जातो ते पुरुष लोकांना सांगून कळणार नाही.

सगळे बोलत होते पण हरकत कोण देणार म्हटलं की विषय बदलायचे. "नाव येईल", "पोरगं नोकरीला आहे", "उगं वाईटपणा कशाला", "महापुरुषाला विरोध केला म्हणतील". हे शेवटचं तर मलाही वाटत होतं. त्यात घरात मामा. ते जुन्या गिरणीकामगार घरातले, गिरणी बंद पडल्यावर हातगाडी लावली, पोरांना शिकवलं, आणि त्या पडत्या काळात ज्या माणसाच्या विचारावर ते उभे राहिले त्याच माणसाचा हा पुतळा. मी हरकत देते म्हटल्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "तुला त्यांच्या पुतळ्याची अडचण व्हायलीय का?" मी म्हटलं, "मामा, पुतळ्याची नाही, कागदाची. मला आधी कागद बघायचेत." ते म्हणाले, "मग कागद बघ, अर्ज कशाला?" मला उत्तर सुचलं नाही. पण कागद बघायला तरी परवानगी मिळाली असं मी धरून चालले.

नोटिशीत लिहिलं होतं की नकाशा कार्यालयीन वेळेत बघायला मिळेल. मी हाफ डे टाकून गेले. पहिल्या दिवशी संबंधित साहेब साइटवर, दुसऱ्या दिवशी मीटिंगला, तिसऱ्या दिवशी एका क्लार्क मॅडमने, त्यांचे मी खरंच आभार मानते, स्वतः कपाटातून काढून नकाशा टेबलावर पसरून दाखवला. हिरव्या रंगाचं मैदान आणि त्यात लाल रेघेने काढलेला एक मोठा चौकोन. फ्लेक्सवरच्या चित्रात पुतळा मैदानाच्या कडेला दिसायचा, नकाशात तो चौकोन जवळजवळ मधोमध होता, म्हणजे उरलेल्या भागात क्रिकेट सोडा, साधं पळायला सलग ट्रॅक निघणार नाही. मी मॅडमना विचारलं पार्किंग कुठंय, शौचालय कुठंय, पाण्याचं कनेक्शन कुठून येणार? त्या म्हणाल्या, "हे फक्त आरक्षण बदलायचं आहे ताई, बाकीचं नंतर." हे बाकीचं नंतर माझ्या डोक्यात बसलं.

त्या रात्री मी हरकत लिहायला बसले. आधी रागारागात चार पानं लिहिली, मग सगळी फाडली आणि परत लिहिताना फक्त प्रश्न ठेवले. जागा कोणाची आणि बदल्यात दुसरं मैदान कुठं देणार. खर्च किती आणि कोण करणार. बांधून झाल्यावर देखभाल कोण करणार, दरवर्षी त्याला पैसे कुठून येणार. आणि परवानग्या कुठल्या कुठल्या घेतल्या. परवानग्यांचा भाग लिहिताना मला माझ्या भावाच्या मित्राने मदत केली, तो वकिली करतो. त्याच्याकडून कळलं की पुतळ्यांसाठी सरकारचीच नियमावली आहे, सामान्य प्रशासन विभागाचा २ मे २०१७ चा शासन निर्णय. त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती आहे, पुतळ्याच्या मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता लागते, पोलिसांचा अभिप्राय लागतो, आणि उभारणाऱ्या संस्थेने देखभालीची जबाबदारी लिहून द्यायची असते. शिवाय सुप्रीम कोर्टाने १८ जानेवारी २०१३ ला सगळ्या राज्यांना सांगितलेलं आहे की रस्ते, फुटपाथ, सार्वजनिक वापराच्या जागा इथं पुतळ्यांना परवानगी देऊ नका. मैदान त्या व्याख्येत बसतं की नाही हा वकिलांचा विषय, पण विचारायला काय हरकत आहे म्हणून मी तेही लिहिलं.

देखभालीचा मुद्दा मी का एवढा लावून धरला ते सांगते. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही सगळे मालवणला गेलो होतो, मामांसकट. राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा पस्तीस फुटी पुतळा होता, ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनी अनावरण झालेला. तिथं उभं राहून मामांनी हात जोडले, डोळ्यात पाणी, आम्ही सगळ्यांनी फोटो काढला, तो अजून फ्रीजवर लावलेला आहे. तीनच महिन्यांनी, २६ ऑगस्टला, दुपारी टीव्हीवर बातमी आली की पुतळा कोसळला. नऊ महिनेसुद्धा झाले नव्हते. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. नंतर बातम्यांमध्ये आलं की नट-बोल्ट गंजले होते, वेल्डिंग नीट नव्हतं, आणि कला संचालकांनी तर जाहीर सांगितलं की आमच्याकडून मान्यता घेतली ती सहा फुटांच्या मातीच्या मॉडेलला. त्या जागी पुढच्या वर्षी दुसरा, आणखी उंच आणि भक्कम पुतळा उभा राहिला हे खरं आहे. पण पडलेला पुतळा ज्यांनी बघितला त्यांच्या मनातून ते जात नाही हो. ज्यांच्यावर जीव आहे त्यांना असं तुकड्यांत बघायची वेळ परत कोणावर येऊ नये म्हणून तर मी नट-बोल्टचे प्रश्न विचारायलीय.

सह्या घ्यायला मी आणि शेजारच्या दोघी निघालो. साधारण सव्वाशे घरं फिरलो असू. चहा सगळ्यांनी दिला, शाबासकी बऱ्याच जणांनी दिली, सह्या एकोणीस मिळाल्या. एका ताईंनी सही केली आणि रात्री त्यांच्या मिस्टरांनी येऊन खोडायला लावली, मी खोडली, त्यांचा राग नाही मला. पण एक गोष्ट आवर्जून सांगते, त्या एकोणीसमध्ये सहा जणी भरतीची तयारी करणाऱ्या पोरी होत्या, अठरा-एकोणीस वर्षांच्या. त्यातली एक म्हणाली, "मावशी, आमच्या सरांनी सांगितलंय आठशे मीटरचा टाइम काढायला इथंच यायचं, हे गेलं तर आम्ही हायवेच्या कडेला पळायचं का?" हे वाक्य मी हरकतीत जसंच्या तसं टाकलं.

अर्ज आवक खिडकीत दिला आणि माझ्या प्रतीवर शिक्का, तारीख, नंबर घेतला. कोणी पहिल्यांदा जात असेल तर हे विसरू नका, दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. माझ्या पुढच्या माणसाकडे पोच नव्हती आणि त्याचा अर्ज आलाच नाही असं त्याला सांगत होते.

त्याच आठवड्यात माहितीचा अधिकार टाकला. जोडपत्र अ म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो हे मला माहीत नव्हतं, मी पहिल्यांदा दोन पानी लिहून नेला होता तो परत घेऊन आले. मग नीट लिहिला, प्रस्तावित पुतळ्याच्या खर्चाचा अंदाज, निधीचा स्रोत, मिळालेली ना-हरकत प्रमाणपत्रं आणि देखभालीचं हमीपत्र यांच्या प्रती मिळाव्यात. कायद्याने तीस दिवस. अठ्ठाविसाव्या दिवशी पाकीट आलं. आत दोन कागद. एक पत्र, माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. आणि एक प्रस्तावाची झेरॉक्स, ज्यात उंची लिहिलेली, प्रस्तावाचा उद्देश अर्धं पान लिहिलेला, आणि अंदाजित खर्च या रकान्यासमोर काहीच नाही, नुसती रेघसुद्धा नाही.

मी रोज आकड्यांचंच काम करते. आमच्याकडे पाचशे रुपयांचं व्हाउचर सहीशिवाय पास होत नाही. तो कोरा रकाना मी किती वेळ बघत बसले होते मलाच माहीत नाही.

याच काळात माझं बऱ्याच जणांशी भांडण नाही पण वाद झाला, आणि त्यांच्या बोलण्यातही तथ्य होतं ते लिहिलं पाहिजे. कारखान्यातले दोघं गुजरातला जाऊन स्टॅच्यू ऑफ युनिटी बघून आले. १८२ मीटर, २०१८ ला झाला, आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांनी घडवला. ते भारावून आले होते, म्हणत होते गर्दी बघा, हॉटेलं बघा, तिथल्या लोकांना रोजगार बघा, आपल्याकडे का नको? मी त्यांना म्हटलं तिथं जवळपास तीन हजार कोटी खर्च झाले, शेजारी सरदार सरोवर आहे, आजूबाजूला अख्खं पर्यटनाचं गाव वसवलंय, आणि तो शहरातल्या पोरांच्या मैदानात नाही उभा केलेला. आणि मुंबईच्या समुद्रातल्या शिवस्मारकाचं २४ डिसेंबर २०१६ ला जलपूजन झालं, मोठा कार्यक्रम झाला, पुढे कोर्टकचेरीत काम अडकलं, तिथं अजून पुतळा उभा राहिलेला नाही. म्हणजे मोठ्या सरकारला मोठ्या पैशांनी सुद्धा हे सोपं जात नाही. मग हा पुतळा उभारू पाहणारी आमच्या भागातली एक समिती खर्चाचा रकाना कोरा ठेवून हे कसं करणार, एवढंच मला समजून घ्यायचंय.

आणि पर्यटनाचं म्हणाल तर पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूरला जाणारी माणसं सोलापुरातून जातातच की. ती स्टँडवर उतरतात, बस बदलतात आणि जातात. त्यांना आपण काय दाखवतो? भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आहे, १९१० ला सोलापुरात जन्मलेला माणूस, १९३८ ला चीनला गेला, युद्धात जखमींवर उपचार करता करता १९४२ ला तिथंच वारला. चीनमधून माणसं ते घर बघायला सोलापुरात येतात. माझ्या मुलांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी ते बघितलेलं नाही. चार हुतात्मा चौक बघा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, १९३० च्या मार्शल लॉ नंतर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याला फाशी गेले. त्यांचे पुतळे काही आभाळाला टेकलेले नाहीत. तरी सोलापूरच्या माणसाला ती चार नावं पाठ असतात, माझ्या आजीला तर पोवाड्यासारखी पाठ होती. हे मी सुनावणीत बोलायचं ठरवलं होतं, पण बोलताना आवाज भरून आला आणि अर्धंच बोलले.

सुनावणीच्या आधी एक गोष्ट अचानक सापडली. शेजारचे एक काका रिटायर्ड इंजिनिअर आहेत, त्यांनी सह्यांच्या वेळी सही दिली नव्हती, पण एक दिवस गेटवर थांबवून म्हणाले, "विमानतळाचं विचारलंस का?" माझ्या डोक्यात प्रकाश पडला. होटगी रोडचं विमानतळ आमच्यापासून काही फार लांब नाही. तिथलं विमान सुरू व्हावं म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची को-जनरेशनची म्हणजे वीजनिर्मितीची चिमणी १५ जून २०२३ ला स्फोटकं लावून पाडली, अख्ख्या सोलापूरने मोबाईलवर तो व्हिडिओ बघितलाय, नव्वद मीटरच्या आसपास उंच चिमणी काही सेकंदात खाली. किती वर्षं वाद, किती कोर्ट, किती बंदोबस्त. आणि मग ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुटलं. दीडशे फूट म्हणजे साधारण सेहेचाळीस मीटर, चिमणीच्या निम्मा, वर चौथऱ्याची उंची वेगळी. विमानतळाच्या परिसरात अमुक उंचीच्या वर काही उभारायचं तर विमानतळ प्राधिकरणाची ना-हरकत लागते. कदाचित मिळेलही ती, मला माहीत नाही, मी त्यातली तज्ज्ञ नाही. पण ज्या गावाने उंचीपायी एवढं सगळं भोगलं त्या गावात फ्लेक्स लावायच्या आधी हा एक कागद कोणाला आणावासा वाटला नाही? मी पुरवणी अर्ज दिला, मुदत संपायला दोन दिवस होते.

सुनावणीचं पत्र रजिस्टर पोस्टाने आलं. सकाळी अकराची वेळ, प्रत्यक्ष नंबर लागला पावणेदोनला. बाहेरच्या बाकावर आम्ही सात जण, समितीचे तीस-पस्तीस, गळ्यात उपरणी. एकजण मोठ्याने म्हणाला, "ह्या बघा विरोध करणाऱ्या." आमच्यातली भरतीवाली पोरगी एकदम उठली, "दादा, मी विरोध करायला नाही आले, मी पळायला जागा मागायला आले," असं म्हणून परत बसली. तो गप्प झाला, आणि नंतर खरं तर त्यानेच तिला पाण्याची बाटली दिली. माणसं वाईट नाहीत. त्यांचं प्रेम खरं आहे, ते मी मामांमध्ये रोज बघते.

हो, मामाही आले होते. माझ्यासोबत नाही, समितीच्या लोकांसोबत. रिक्षाने वेगळे आले. मला आधी सांगितलंच नव्हतं.

आत अधिकारी शांत होते, सगळ्यांचं ऐकत होते, टायपिस्ट लिहून घेत होता. मी जागा, खर्च, देखभाल, परवानग्या आणि विमानतळ असं एकेक मांडलं, कोऱ्या रकान्याची झेरॉक्स दिली. समितीच्या वतीने बोलणारे म्हणाले निधी लोकवर्गणीतून आणि शासनाकडून उभा करू, महापुरुषाच्या कामाला पैसा कमी पडत नाही. अधिकाऱ्यांनी विचारलं, काही लेखी आहे का? ते म्हणाले देऊ.

मग मामांनी हात वर केला. मला धडधडायला लागलं. ते उभे राहिले, म्हणाले, पुतळा व्हायला पाहिजे, माझा पाठिंबा आहे, माझ्या हयातीत व्हावा. आमच्या चौकात त्यांचा अर्धपुतळा आहे, छोटाच आहे, पंचवीस वर्षं झाली. जयंतीच्या आदल्या रात्री मी आणि आणखी दोन म्हातारे तो धुतो. तिथल्या नळाला पाणी येत नाही म्हणून घरनं कॅन भरून नेतो. लाईट गेलीय तर आम्हीच वर्गणी काढून बल्ब लावतो. जयंतीनंतरचे हार आठ दिवस तसेच वाळत राहतात, कुत्री बसतात, तेही आम्हीच काढतो. आता माझा गुडघा गेलाय. तर साहेब, दीडशे फुटांवर चढून कोण धुणार, ते नाव कागदावर लिहून घ्या, मग माझी सही घ्या.

एवढं बोलून ते खाली बसले. समितीतला कोणीच काही बोललं नाही. अधिकाऱ्यांनी टायपिस्टला सांगितलं, हे आजोबांचं शब्दशः घ्या.

येताना मात्र ते माझ्या स्कूटीवर बसून आले. रस्त्यात एक शब्द नाही. सात रस्त्यावर सिग्नलला म्हणाले, "तू विमानाचं चांगलं विचारलीस." बास.

दीड महिन्याने पत्र आलं, आपल्या हरकतीची नोंद घेण्यात आली आहे, प्रस्तावकांना आवश्यक कागदपत्रं सादर करण्यास कळवलं आहे. यापुढे अहवाल, मग प्रस्ताव शासनाकडे, शेवटचा निर्णय शासनाचा. म्हणजे आरक्षण बदललेलं नाही, प्रस्तावही रद्द झालेला नाही. फ्लेक्स मे महिन्याच्या वाऱ्यात फाटला, नवीन लागला नाही. मैदानात पोरी पळतायत. माहिती अधिकाराच्या उत्तरावर मी पहिलं अपील टाकलंय, जोडपत्र ब, वीस रुपयांचा स्टॅम्प, कारण संकलित स्वरूपात नसेल तर मला फाईल बघू द्या, मी स्वतः संकलित करून घेते.

गेल्या आठवड्यात जयंती होती. आदल्या रात्री मामा कॅन शोधत होते, पाणी येऊन चार दिवस झाले होते, टाकीत हातभरच होतं. मी दोन कॅन भरून दिले आणि गुडघ्यामुळे त्यांना स्टुलावर चढता येईना म्हणून या वर्षी पुतळा मी धुतला, ते खालून सांगत होते चष्म्याच्या कडेला राहिलंय बघ, खांद्याच्या मागे घास. पितळेचा अर्धपुतळा आहे, माझ्या कमरेएवढा. एका कॅनमध्ये स्वच्छ झाला, दुसरा आम्ही भोवतीच्या दोन तगरींना घातला.

अपिलाची सुनावणी पुढच्या गुरुवारी दुपारी तीनला आहे. मामा येणार म्हणालेत, देखभालीच्या हमीपत्रात नाव कोणाचं आलंय ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचंय. एकोणीसपैकी ज्यांना जमेल त्यांनी या, मैदानाच्या गेटवरून अडीचला निघू.